गावच्या घरी परतायचं की नाही, ते जुलैत ठरवा

गोव्याबाहेर नोकरीला गेलेल्याच्या डोक्यात परतीचा विचार बहुतेक दोनच वेळा उसळतो. एकदा चवथीच्या विसर्जनानंतर आणि एकदा मे महिन्यात, फणस संपता संपता. घर माणसांनी भरलेलं असतं, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीचा वास अजून नाकात असतो आणि रात्रीच्या बसने सकाळी पुण्याला उतरून खोलीचं कुलूप काढताना ठरतं की बस झालं आता. हा निर्णय चुकतोच असं नाही. पण तो वर्षातल्या सगळ्यांत चांगल्या दहा दिवसांवर घेतलेला असतो, आणि राहायचं असतं उरलेल्या तीनशे पंचावन्न दिवसांत.

पुणे, मुंबई, बंगळूरला गेलेल्या आणि पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा किंवा काणकोणात घर असलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. क्रम सहसा मोडू नका. नोकरी शोधणं पाचव्या पायरीवर आहे, पण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि घराचे कागद हातात आल्यावर अडकतात.

१. आधी दुखतंय कुठे ते पाहा

एक वही घ्या आणि चौदा दिवस रोज झोपण्याआधी दोनच ओळी लिहा: आज सगळ्यांत जास्त कशाने वैतागलो, आणि हाच वैताग गोव्यात झाला नसता का? पंधराव्या दिवशी प्रत्येक नोंदीपुढे चारांपैकी एक शब्द लिहा: खोली, काम, एकटेपणा, गाव.

'खोली' जास्त वेळा आलं तर घर बदला, शहर नको. रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये जात असेल तर ऑफिसजवळ दोन-तीन हजार जास्त भाडं देणं हा गाव बदलण्यापेक्षा फार स्वस्त उपाय आहे. 'काम' आलं तर गोव्यातला साहेबही तसाच निघू शकतो. 'एकटेपणा'साठी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याच माणसांबरोबर काहीतरी करा आणि त्याला किमान तीन महिने द्या. ट्रेक, भजनी मंडळ, बॅडमिंटन, काहीही चालेल. ओळख व्हायला माणसं पुन्हा पुन्हा दिसावी लागतात. नव्या शहरातले पहिले सहा महिने बहुतेकांना जड जातात, त्यामुळे त्या काळात घेतलेला निर्णय सहा महिने बाजूला ठेवलेला बरा.

झोप आणि जेवण दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ बिघडलं असेल तर त्याला घरची आठवण म्हणून झटकू नका. डॉक्टरांना दाखवा. टेलिमानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आणि चोवीस तास चालू असते.

आईवडिलांचं आजारपण हे कारण असेल तर वरचं सगळं सोडा आणि एकच प्रश्न विचारा: हे काम तीन महिन्यांचं आहे की तीन वर्षांचं? ऑपरेशननंतरच्या तीन महिन्यांसाठी रजा, बिनपगारी रजा किंवा घरून काम पुरतं. अर्धांगवायू किंवा विस्मरणाचा आजार असेल तर रजा पुरत नाही, तिथे खरंच परतीचा विचार करावा लागतो.

२. जुलैतले तीन आठवडे

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यात जुलैचा वाटा सहसा सगळ्यांत मोठा. म्हणून चाचणी जुलैत. तीन आठवडे घरी या, पण पाहुण्यासारखं नको. लॅपटॉप घेऊन या, ऑफिसचे तास पाळा, बाजार तुम्ही करा, विजेचं बिल तुम्ही भरा.

तिसऱ्या दिवशी कपाटातला चामड्याचा पट्टा पांढरट हिरवा दिसू लागतो. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. काडेपेटीच्या चार काड्या वाया गेल्यावर पाचवी पेटते. जीन्स मागच्या पडवीत चार दिवस लटकूनही कंबरपट्टीशी ओलीच. हे लहानपणीही होतंच, पण तेव्हा ते निस्तरणारी आई होती. आता ती सत्तरीची आहे.

या तीन आठवड्यांत पाच गोष्टी तपासा आणि लिहून ठेवा.

इंटरनेट: वेगाचा आकडा पाहून भागत नाही. दहा कामाच्या दिवसांत लाइन किती वेळा तुटली आणि दर वेळी किती मिनिटांनी आली, ते लिहा. मोडेम, लॅपटॉप, एक पंखा आणि एक दिवा मिळून सुमारे दीडशे वॉट लागतात. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर एवढा भार साधारण सहा-सात तास चालतो. पण वीज लांबली की रस्त्यावरची फायबरची पेटी आणि मोबाइलचा टॉवरही बसतो, तेव्हा घरचा इन्व्हर्टर काय कामाचा? म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवा आणि वीज गेल्यावर घरातल्या कुठल्या कोपऱ्यात त्याला रेंज मिळते ते आत्ताच शोधा.

प्रवास: नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मिळेल असं धरून एका सोमवारी सकाळी आठला, पाऊस असताना, दुचाकीने जाऊन या. वाळपईहून वेर्णा एका बाजूने साठेक किलोमीटर पडतं. रविवारच्या दुपारी कारने काढलेला वेळ हिशेबात धरू नका.

शेवटची बस: तालुक्याच्या गावाहून तुमच्या वाड्याकडे येणारी शेवटची बस किती वाजता सुटते? बऱ्याच गावांत संध्याकाळी सात-साडेसातनंतर काही नसतं. घरातल्या दोन मोठ्या माणसांना दोन वाहनं लागणार का, हे इथेच कळतं.

दवाखाना: रात्री अकरा वाजता जवळच्या आरोग्य केंद्रात, जिल्हा रुग्णालयात आणि बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) पोचायला प्रत्येकी किती वेळ लागतो, ते प्रत्यक्ष गाडी चालवून पाहा.

मंगळवारची संध्याकाळ: साडेसात वाजलेत, पाऊस कोसळतोय, वाड्यावर चिटपाखरू नाही. काय करता? ज्याला भजनाला बसता येतं, जत्रेच्या नाटकात दोन वाक्यांची भूमिका का होईना घ्यायला लाज वाटत नाही, तो गावात लवकर रुळतो. फक्त फोनमध्ये डोकं घालायचं असेल तर ते पुण्यातही होत होतं.

३. घर कोणाचं?

'आमचं घर आहे ना' या वाक्यावर सगळ्यात जास्त बेत फसतात. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा अजून चालू आहे आणि वारसाचे नियम शेजारच्या सावंतवाडीपेक्षाही वेगळे आहेत. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणजे आजोबांच्या घरात वडील आणि दोन काका वारस असतील तर सह्या तिघांच्या नसतात, सहा जणांच्या असतात. आत्यांची लग्नं होऊन त्या कुडाळला गेल्या म्हणून त्यांचा वाटा संपत नाही, आणि त्यांच्या यजमानांची सहीही धरावी लागते. मृत्युपत्राने आईवडिलांना फक्त अर्ध्या मालमत्तेबद्दल मनासारखं ठरवता येतं, उरलेला अर्धा सक्तीच्या वारसांचा. त्यांनी घर एका मुलाला विकायचं म्हटलं तरी बाकीच्या मुलांची संमती लागते.

आता कागद. पहिला कागद एक-चौदाचा उतारा, महाराष्ट्रातल्या सात-बारासारखा. शहरी भूमापनात असाल तर त्याऐवजी फॉर्म डी. उतारा ऑनलाइन पाहता येतो. त्यासाठी तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग लागतो. तो हातात आला की तीन रकाने वाचा. कब्जेदाराच्या रकान्यात कोणाची नावं आहेत? पुष्कळदा तिथे वारलेल्या आजोबांचं नाव असतं, आणि त्याखाली ज्याच्याबद्दल घरात कोणी कधी बोललं नाही असं एक चुलत नाव. कूळ म्हणून कोणाची नोंद आहे का? इतर हक्कांच्या रकान्यात काय आहे? उतारा ताबा दाखवतो, मालकी सिद्ध करत नाही. मालकीसाठी जुना पोर्तुगीजकालीन दाखला, विक्रीखत किंवा वाटणीपत्र लागतं. ते बहुतेक वेळा देवघराच्या वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत सापडतं.

उताऱ्यावरचा माणूस हयात नसेल तर दोन वाटा आहेत. सगळे वारस एकमताचे असतील तर तालुक्याच्या उपनिबंधकाकडे वारसाहक्काचा दस्त करा आणि त्यावर म्युटेशनचा (उताऱ्यावरची नावं बदलण्याचा) अर्ज द्या. एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी घालावी लागते. तिथे मालमत्तेची यादी होते, मोल ठरतं आणि वारसांमध्येच बोली लागते. जास्त बोलेल तो घर घेतो आणि बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे देतो. याला वर्षं लागू शकतात. इन्व्हेंटरी चालू असलेल्या घरात नवं बाथरूम बांधायला पाच लाख घालणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

घर भाटकाराच्या, म्हणजे दुसऱ्या जमीनमालकाच्या, जमिनीत असेल तर ते मुंडकारी आहे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने तुम्हाला सहजासहजी हुसकावता येत नाही, आणि घराची जागा विकत घेण्याचा हक्कही आहे. पण मामलेदाराकडे मुंडकार म्हणून नोंद झाली का, खरेदी पुरी झाली का, हे पाहा. नसेल तर बँक त्या घरावर दुरुस्तीचं कर्ज देताना हात आखडते.

शेवटी पंचायतीत जाऊन घर क्रमांक कोणाच्या नावे आहे आणि घरपट्टी कुठल्या वर्षापर्यंत भरली आहे ते विचारा. तिथला कारकून तुमच्या वडिलांना ओळखत असेल तर अर्धं काम तिथेच होतं. गावात परतण्याचे जे थोडे व्यवहारी फायदे आहेत, त्यातला हा एक.

४. घराची तब्येत

दोन-चार पावसाळे बंद राहिलेलं चिऱ्याचं घर बाहेरून धडधाकट दिसतं. शिडी लावून वर जा. जाड स्क्रूड्रायव्हरचं टोक वाशात दाबा, विशेषतः भिंतीवर टेकलेल्या टोकाला. पाच-सहा मिलिमीटर सहज आत गेलं तर वाळवीने तो वासा खाल्लाय, बदलावा लागणार. कौलं दरवर्षी पावसाआधी चाळायला लागतात आणि ते काम जाणणारी माणसं आता कमी उरलीत, तेव्हा मार्चमध्येच सांगून ठेवा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोणी मिळत नाही.

जुन्या घरात अर्थिंग नसतं किंवा नावाला असतं. ओल्या भिंतीत हे जिवावर बेततं. अर्थिंग नवं करा आणि मुख्य बोर्डवर तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारं बटण) बसवा. सेप्टिक टाकी विहिरीपासून किमान १५ मीटर तरी हवी. कमी असेल तर पहिल्या पावसानंतर पाण्याची तपासणी करून घ्या. आणि जुन्या, मातीच्या गिलाव्याच्या भिंतीवर सिमेंट व प्लॅस्टिक पेंट चढवू नका. चिरा ओल ओढतो, ती बाहेर पडायला वाट ठेवली नाही तर दुसऱ्या वर्षी रंगाचे पापुद्रे हातात येतात.

५. पैसे आणि नोकरी

'गोव्यात भाडं वाचेल' हे खरं, पण ते हिशेबाचं अर्धंच पान आहे. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून पाहा. पुण्यात हातात ७२,०००. भाडं आणि सोसायटी १९,०००, जेवण-किराणा १४,०००, प्रवास ४,०००, गोव्याच्या फेऱ्या महिन्याला सरासरी २,५००, बाकी १०,०००. शिल्लक २२,५००. गोव्यात हातात ४२,०००. भाडं शून्य, घरखर्चातला वाटा १५,०००, पेट्रोल आणि गाडीची देखभाल ४,५००, बाकी ८,०००, घरदुरुस्तीसाठी बाजूला ५,०००. शिल्लक ९,५००. म्हणजे पुण्याइतकीच बचत ठेवायची तर गोव्यात हातात ५५,००० यायला हवेत. हा आकडा कागदावर लिहून मुलाखतीला जा. तो मिळाला नाही तरी परतता येईल, पण महिन्याला तेरा हजार कशासाठी सोडतोय ते ठाऊक असेल.

काम कुठे आहे? औषधकंपन्या आणि मोठे कारखाने वेर्ण्याला, शिवाय कुंडई, मडकई, बेतोडा, पिळर्ण, तुये आणि कुंकळ्ळी. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाल्यावर पेडण्याच्या बाजूला रोजगाराची नवी वाट झाली. हॉटेलधंदा मोसमी, ऑक्टोबर ते मे. जूनमध्ये पगार अर्धा होणार का, हे नेमणुकीआधी विचारा. खाणींवर विसंबून ट्रक किंवा यंत्र घ्यायच्या भानगडीत पडू नका. २०१२ ची बंदी आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेली ८८ लीजं डिचोली-सत्तरी-सांग्याने भोगली आहेत.

सरकारी नोकरीची आशा असेल तर दोन गोष्टी आधी बघा. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मामलेदार देतो. बाहेर काढलेली वर्षं तुमच्या बाबतीत कशी धरतील, हे अर्ज भरायच्या आधीच त्या कार्यालयात विचारा. दुसरं, कोकणी येणं सक्तीचं आणि मराठी येणं इष्ट, असं बहुतेक जाहिरातींत असतं. घरात मराठी वाचून वाढलेल्यांनीही कोकणी लिहिण्याचा थोडा सराव करावा.

६. घरातल्यांशी बोलणं

हे बोलणं चवथीत करू नका. चवथीत सगळेच हो म्हणतात. जुलैच्या मुक्कामात, जेवणं झाल्यावर, आईबाबांसमोर बसून विचारा. स्वयंपाकघर एक की दोन? महिन्याला किती द्यायचे, आणि ते कोणाच्या हातात? आमची खोली कुठली, आणि दार लावलं तर चालेल ना? बाहेर राहणाऱ्या भावाचा घरावरचा हक्क कायम राहील हे त्याला फोन करून तुम्ही स्वतः सांगा. नाहीतर तुम्ही टाइल्स बसवायला घेतल्या की त्याच्या मनात पाल चुकचुकते आणि पुढच्या चवथीला बोलणं बंद होतं.

बायको गोव्याबाहेरची असेल तर तिची तीन आठवड्यांची वेगळी वही असू द्या. वर्षातून दोनदा आलेल्या सुनेचं कौतुक होतं. रोज राहणाऱ्या सुनेला शेजारीणही विचारते, आज नेवऱ्यांना उशीर का झाला. तिच्या नोकरीचा प्रश्न 'बघू नंतर' म्हणून ढकलला तर एका वर्षात तो सगळ्यांत मोठा प्रश्न होतो.

मुलं असतील तर शाळेचं वर्ष संपतानाच हलवा. सीबीएसईतून येत असाल तर गोव्यात त्या मंडळाच्या शाळा मोजक्या आणि बहुतेक शहरांजवळ आहेत, हे गाव ठरवण्याआधी पाहा. पुढे अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयला गोव्याच्या कोट्यातून जायचं तर वास्तव्याची आणि इथल्या शाळेत शिकल्याची अट येते. मुलगा आठवीत असेल तर तंत्रशिक्षण संचालनालयाचं चालू वर्षाचं माहितीपत्रक आजच वाचा.

मधला मार्गही असतो, आणि त्याचा विचार फार कमी जण करतात. गावच्या घरात न जाता म्हापशाला किंवा फोंड्याला अकरा महिन्यांसाठी भाड्याने राहायचं, शनिवार-रविवार गावी. घरही तपासून होतं, नातीही तापत नाहीत.

७. राजीनामा देण्याआधी

नोकरीला पाच वर्षं पुरी व्हायला चार महिने उरले असतील तर थांबा. ग्रॅच्युइटीचं सूत्र: मूळ पगार व महागाई भत्ता गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ३०,००० वर पाच वर्षांचे ८६,५३८ रुपये होतात. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नव्या नोकरीत वर्ग करा.

कंपनीचा आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशी संपतो. तो वैयक्तिक पॉलिसीत बदलता येतो का, हे नोटीस देण्याआधी विमा कंपनीला विचारा. नवी पॉलिसी कोरी घेतली तर आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी गोव्यात पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचं संरक्षण. आईबाबांचं कार्ड चालू आहे का, तेही याच फेरीत बघा.

भाडेकरारात लॉक-इन किती महिन्यांचा आहे ते वाचा. तो संपायच्या आत निघालात तर अनामत अडकते. मतदार यादीत नाव बदलायला फॉर्म ८. दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदेशीर आहे. महाराष्ट्रात नोंदवलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त गोव्यात राहणार असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), कर्ज असेल तर बँकेचं पत्र, मग इथे फॉर्म २७ आणि रोड टॅक्स. तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी खेपा घालाव्या लागतात. गाडी जुनी असेल तर पुण्यातच विकून टाका.

सगळं जमलं तर ट्रक एप्रिलमध्ये भरा, फार तर मेच्या मध्यापर्यंत. त्यानंतर घाटात पाऊस, आणि कौलं चाळायला माणूस नाही. पार्टिकल बोर्डचं कपाट आणि पलंग तिथेच विकून या. जुलैत ते खालून फुगतं, दार बसत नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्यात पाठीमागची फळी बुरशीने काळी पडते. लोखंडी कपाट आणा, आणि ते भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.